शामरावच्या जागी सिद्राम

“अरे, बस चुकतीय का तुझी?” मी ओरडलो.

ओरडताना तोंडातली माती थुंकावी लागली, त्यामुळे रागाला हवा तेवढा जोर आला नाही. मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात मी पालथा पडलो होतो. सिद्राम माझ्या दोन हात पुढे एकटाच गुडघ्यावर बसला होता. आणि ज्याची आम्ही दोघांनी मिळून पकड करायची, तो आमच्याच संघातला कोवळा चढाईवाला मध्यरेषेपलीकडे उभा राहून हसू दाबत होता. एका चढाईत आम्ही दोघेही बाद.

“तुमी हात दाबला, म्या गेलो की ओ दादा,” सिद्राम म्हणाला.

“हात दाबला म्हणजे काय बंदुकीचा घोडा ओढला? मी हललो का, ते तरी बघायचं.”

“बघत बसलो तर त्यो गावतोय व्हय?”

उलट उत्तर होतं, पण बोलण्यात उर्मटपणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्यामुळे मला आणखीच राग आला.

कबड्डी न पाहिलेल्यांसाठी सांगतो. चढाईवाला आत आला की आम्ही कडेने एकमेकांचे हात धरून उभे राहतो. मी उजवा कोपरा. माझ्या डाव्या हातात शेजारच्या गड्याचा उजवा हात. चढाईवाल्याचा पाय टप्प्यात आला की कोपऱ्याने शेजाऱ्याचा हात दाबायचा, सोडायचा आणि घोट्यावर झेप घ्यायची. त्याच वेळी शेजाऱ्याने येऊन कंबरेत मिठी मारायची. वर मिठी, खाली घोटा, मग तो कितीही रेडा असो, मध्यरेषा त्याला दिसत नाही. पण दोघे एकाच क्षणी पोचले पाहिजेत. एकटा पोचला तर ती पकड नव्हे, पाहुणचार.

माझ्या डाव्या हातात अकरा वर्षं शामराव लाडचा हात होता. आमची जोडी जिल्ह्यात माहीत होती. ‘उजवीकडे जाऊ नका, तिकडे कुलूप आहे,’ असं दुसरे संघ आपल्या पोरांना सांगत, आणि ते ऐकून मी मिशीत हसत असे.

त्या वर्षी आमच्या महिपती पंप कंपनीच्या संघाची अवस्था लग्न उरकल्यावरच्या मांडवासारखी झाली होती. जुन्या सातांतले दोघे वयामुळे बाहेर पडले, दोघांना एका बँकेच्या संघाने उचलून नेलं, एकाची पाठ गेली, आणि शामराव आपणहून गेला. उरलो मी. मग आमचे प्रशिक्षक केरबा मास्तर थैली घेऊन दोन महिने जत, तासगाव, कवठ्याकडे हिंडले आणि सहा पोरं घेऊन आले. त्यांतला सगळ्यांत थोरला बावीस वर्षांचा. बाकीच्यांना मिशी फुटली होती की तोंड धुतलं नव्हतं, हे जवळ जाऊन बघावं लागे.

मला फक्त एक हंगाम हवा होता. पस्तिसावं लागलं होतं. ‘जोतिराम पाटोळे, आता पुरे,’ असं कुणी म्हणायच्या आत, शेवटचा सामना खेळून, मैदानाची माती कपाळाला लावून आपल्या पायांनी बाहेर यायचं, एवढीच इच्छा. त्याच्या आड हे सिद्राम नावाचं जतचं वारं आलं होतं.

मी उठून मास्तरांकडे गेलो. सत्तरीला टेकलेला माणूस, गालात कायम लवंग. गळ्यात शिट्टी असे, पण ती वाजवलेली मी कधी ऐकली नाही. मास्तर टाळी वाजवत.

“मास्तर, माझ्या शेजारी दुसरा कोण तरी द्या. हे पोरगं हाताला लागत न्हाई.”

“दुसरा कोण?”

“कोण बी चालंल.”

“कोण बी चालंल म्हणजे तुला शामराव पायजे,” मास्तर म्हणाले. “शामराव स्टोअरात नटबोल्ट मोजतोय. त्येला कुठनं आणू?”

मास्तरांनी लवंग या गालातून त्या गालात नेली.

“आज गुरुवार. रविवारी इचलकरंजीचा सूतगिरणीचा संघ येतोय, सरावाचा सामना हाय. त्यात तुम्ही दोघांनी मिळून तीन पकडी करायच्या. जोडीनं. केल्या, तर हंगामाला उजवा कोपरा तुझा. न्हाई केल्या, तर मी नवा कोपरा घेणार, आणि ह्या पोराला जतच्या गाडीत बसवणार. दोघंबी घरी.”

“मास्तर, मी अकरा वर्षं...”

“मला मोजता येतंय, जोती.”

त्यांनी टाळी वाजवली. सराव संपला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलवर कारखान्याला निघालो. आमची कॉलनी टेकाडाच्या अलीकडे आणि कारखाना पलीकडे. मध्ये अर्ध्या मैलाचा चढ, त्याला सगळे ‘टाकीचा चढ’ म्हणत, कारण वर पाण्याची टाकी होती. चढ सुरू झाला तसा मी नेहमीप्रमाणे खाली उतरलो आणि सायकल ढकलत निघालो. माझ्या सायकलची चेन चढाला घसरते, ही माझी जुनी तक्रार सगळ्या कॉलनीला पाठ होती. मागून आमच्या संघातली दोन पोरं पायडल मारत, शीळ घालत पुढे गेली. “दादा, डबलसीट येता का?” म्हणून एकाने विचारलं. मी त्याला त्याच्या तीर्थरूपांची आठवण करून दिली.

गेटवरच्या वॉचमनने माझ्यापुढे वर्तमानपत्र धरलं. जिल्ह्याच्या पानावर येत्या हंगामाचं भाकीत छापून आलं होतं. कुठला संघ कितवा येईल, कोण चमकेल, कोण झोपेल. आमच्याबद्दल तीनच ओळी होत्या: ‘महिपती पंपने संघ नव्याने बांधायला घेतला आहे. पोरे चपळ असली तरी अनुभव शून्य. जुन्या पाटोळेवर आता भिस्त ठेवता येणार नाही. यंदा हा संघ तळाला राहिल्यास नवल नको.’

“जुन्या पाटोळे म्हंजी तुम्हीच का ओ?” वॉचमनने विचारलं.

“न्हाई, माझा आजा,” मी म्हणालो.

पण ते मनाला लागलं. दिवसभर लेथवर उभा असताना ‘जुन्या’ हा शब्द कानात वाजत होता.

दुपारी क्रेप बँडेजची पट्टी आणायला स्टोअरात जाणं भाग पडलं. शामराव खिडकीत बसला होता, समोर रजिस्टर, नाकावर चष्मा. तीन महिन्यांत आम्ही कामापुरतंच बोललो होतो. चूक माझी नव्हती, असं माझं मत. मे महिन्यात, संघाचा फोटो काढून झाल्यावर, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “जोती, मी थांबतो आता.” का, कशासाठी, काही नाही. “अजून एक हंगाम खेळू, मग दोघं मिळून सोडू,” असं आमचं ठरलेलं होतं. ठरलेलं मोडलं त्याने. मला एकट्याला टाकून तो सावलीत जाऊन बसला, असं मी धरून चाललो होतो.

“बँडेज?” त्याने चिठ्ठी न बघताच विचारलं.

“हं.”

“नवं पोरगं कसं हाय?”

“घाईगर्दीचं. भाकर तव्यात पडायच्या आत उलथतंय.”

शामराव हसला. मग चष्म्यावरून माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. “रविवारी येतो बघायला,” म्हणाला.

“कशाला? स्टोअरात मोजायला काय उरलं न्हाई काय?”

त्याने बँडेज दिलं. मी सही केली आणि वळलो. वळताना मला बरं वाटलं नाही, पण मागे फिरून तसं सांगावं इतकाही शहाणा मी नव्हतो.

त्या संध्याकाळी आणि शनिवारी मी सिद्रामला धरून बसलो. शिकवायचंच असेल तर नीट शिकवू, असं ठरवलं. “हे बघ,” मी म्हणालो, “मी हात दाबला की मनात ‘विठ्ठल’ म्हणायचं. आख्खं नाव. ‘ठ्ठल’ झालं की निघायचं.”

“आमच्याकडं बिरोबा म्हणत्यात,” सिद्राम म्हणाला.

“बिरोबा म्हण. पण आख्खा म्हण.”

पोरगं गुणी होतं. बापाची मेंढरं होती, आणि कुत्र्याच्या आधी धावून लांडग्यावर जायची सवय, असं त्याने मला सांगितलं. अशा माणसाला ‘थांब’ म्हणणं म्हणजे पाण्याला उतारावर अडवणं. तरी तो थांबायला शिकला. मी हात दाबला की त्याचे ओठ हलत, मग तो निघे. शनिवारी आम्ही आमच्याच पोरांच्या पाच पकडी केल्या. मी खूश झालो. मास्तर बाजूला उभे होते. त्यांनी नुसती लवंग चावली. त्यावरून मी काही समजायला हवं होतं.

*

रविवारी सकाळी नऊला सामना सुरू झाला. कारखान्याचं मैदान, माती रात्रीच भिजवून लाटलेली. कंपाउंडच्या भिंतीवर कॉलनीतले शंभरेक लोक बसले होते. शामराव भिंतीवर नव्हता. तो खाली, कडुलिंबाच्या झाडाला टेकून, डावा पाय लांब सोडून उभा होता. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

सूतगिरणीचा मुख्य चढाईवाला महाजन नावाचा उंच, सडपातळ गडी होता. पायाचा अंगठा पुढे करून कोपऱ्याला शिवायचं आणि तो काढून घ्यायचा, हे त्याचं काम. पहिल्याच चढाईत तो माझ्याकडे आला. पाय टप्प्यात आला. मी सिद्रामचा हात दाबला. सिद्रामच्या मनात बिरोबा सुरू झाला. मी झेपावलो, घोटा हाताला लागला, पण तोवर महाजन अर्धा वळला होता. सिद्राम पोचला तेव्हा तो मला फरफटत मध्यरेषेला घेऊन चालला होता. भिंतीवरून कुणी तरी ओरडलं, “जोतीदादा, कुठं निघालास? घरी सांगून आलायस का?” सगळी भिंत हसली.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी सिद्रामवर खेकसलो, “लवकर!” चौथ्यांदा तो लवकर गेला, आणि मी मागे राहिलो. पाचव्यांदा त्याला काय करावं तेच कळेना. मी हात दाबला आणि तो नुसता उभा राहिला. त्याचा तळवा माझ्या हातात थंड, ओलसर झाला होता. परवापर्यंत हा हात सारखा वळवळायचा, आता तो मेल्यासारखा पडून होता. मला तेव्हा पहिल्यांदा त्या पोराची दया आली, आणि स्वतःची भीती वाटली.

मध्यंतर झालं तेव्हा आमच्यावर एक लोण चढलं होतं, म्हणजे आमचे सातही गडी एकदा बाद झाले होते. आम्ही नऊ गुणांनी मागे, आणि आमच्या जोडीच्या पकडी शून्य. मास्तर पोरांना पाणी देत होते. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

सिद्राम माझ्यापुढे येऊन उभा राहिला. “दादा, म्या जतला जातो,” तो म्हणाला. “तुमी मास्तरास्नी सांगा, चूक माजी हाय म्हणून. म्हंजी तुमची जागा तरी ऱ्हाईल.”

त्याने हे मनापासून म्हटलं, आणि मला कुठे तोंड लपवावं कळेना. तेवढ्यात मागून कुणी तरी माझा डावा हात धरला. बघितलं तर शामराव. लंगडत, मैदान ओलांडून आला होता. तीन महिन्यांनी तो हात हातात आला, आणि खरं सांगतो, राग होता तिथेच विरघळला.

“पाच मिंटं हायत,” शामराव म्हणाला. “सिद्राम, तू चढाईवाला हो. जोतीपुढं पाय टाक. जोती, मला दाब आणि धर त्याला.”

“शामराव, तुझा गुडघा...”

“मी हलणार न्हाई. तू धर.”

सिद्रामने पाय पुढे टाकला. मी शामरावचा हात दाबला आणि झेपावलो. सिद्रामने पाय सहज काढून घेतला.

“परत.”

परत तेच झालं.

“आता ऐक,” शामराव म्हणाला. “तू दाबलास, आणि थांबलास. मग गेलास.”

“मी थांबलो न्हाई.”

“थांबलास. मी खांबासारखा उभा हाय, माझी वाट बघायची गरज न्हाई, तरी थांबलास. सिद्राम, खरं सांग, थांबला का न्हाई?”

सिद्रामने खाली बघितलं. “पयल्या दिवसापासनं थांबत्यात,” तो हळूच म्हणाला. “मला वाटलं, मोठ्या माणसांची तशी रीत आसंल.”

मी काही तरी बोलायला तोंड उघडलं. शामरावने माझा हात सोडला नव्हता.

“तीन वर्षं झाली, जोती,” तो म्हणाला. “माझा गुडघा गेला तवापासनं. मी अर्धा श्वास उशिरा पोचायला लागलो, आणि तू अर्धा श्वास थांबायला लागलास. तुला कळलं न्हाई, पण मला प्रत्येक पकडीला कळत हुतं. आधी म्हटलं, चालतंय. पण गेल्या हंगामात दोन येळा तुझ्या हातातनं घोटा सुटला, माझ्यापायी, आणि लोक म्हणाले पाटोळे म्हातारा झाला. म्हणून मी बाजूला झालो. मी गेलो म्हंजी तुझा येग तुला गावंल, असं वाटलं. तर तू ह्या पोरालाच लंगडं करून ठेवलंस. अरे, त्याचा गुडघा चांगला हाय!”

एवढं बोलून त्याला दम लागला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “टाकीच्या चढाला अजून उतरतोस म्हणं सायकलवरनं. चेन घसरती का अजून?”

मला एकदम रडू आलं. पस्तीस वर्षांचा बाप्या, अंगभर माती, भिंतीवर शंभर माणसं, आणि मी लाळेरं बांधलेल्या पोरासारखा डोळे पुसत होतो. त्या सायकलची चेन कधीच घसरत नव्हती. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी चढावर शामराव ओठ दाबून पायडल मारताना मी पाहिला होता. त्याला ‘उतर’ म्हटलं असतं तर तो उतरला नसता. म्हणून मीच उतरलो आणि चेनला शिव्या दिल्या. तोही उतरला. मग रोजच. पुढे तो बसने जायला लागला, आणि मी एकटाच उतरत राहिलो. चढावर मी थांबतो, हे मला माहीत होतं. मैदानावरही थांबतो, हे मात्र कुणी हात धरून सांगेपर्यंत कळलं नाही.

“सांगायचंस की रे,” मी म्हणालो.

“तू तरी चेनचं खरं कुठं सांगितलंस?”

मास्तरांची टाळी वाजली.

*

दुसऱ्या डावाला उभं राहताना मी सिद्रामचा हात हातात घेतला आणि म्हणालो, “बिरोबाला सुट्टी दे.”

“म्हंजी?”

“लांडग्यावर जातोस तसा जा. मागं राहिलो तर मी राहीन, तू न्हाई.”

पोराचं तोंड बघण्यासारखं झालं. हातात परत वळवळ सुरू झाली.

सांगायला सोपं, पण अंगात मुरलेलं एका टाळीसरशी जात नाही. महाजन आला, मी दाबलं, सिद्राम गेला, आणि मी अर्धा श्वास थांबलोच. दोघे बाद. बाहेर बसल्या बसल्या मी स्वतःच्या मांडीवर बुक्की मारली. पुन्हा आत आल्यावर मी ठरवलं, शेजारी बघायचंच नाही. फक्त महाजनचा घोटा बघायचा. पाय आला. दाबलं की गेलो. वर काही तरी धडकलं, महाजनच्या तोंडातून ‘हुक्’ असा आवाज आला, आणि तिघेही मातीत. मी मान वर करून बघितलं: सिद्राम त्याच्या कंबरेला गोचिडासारखा चिकटला होता. पंचांनी हात आमच्या बाजूला केला.

“एक!” झाडाखालून शामराव ओरडला. म्हणजे मास्तरांची अट त्यालाही माहीत होती. लेकाचा स्टोअरात बसून सगळ्या बातम्या ठेवत होता.

दुसरी पकड त्यांच्या आडव्या बांध्याच्या गड्याची. ती तर इतकी साफ झाली की तो पडल्या पडल्या आम्हाला ‘वा’ म्हणाला. “दोन!” आता भिंतही मोजायला लागली. बाकीच्या पोरांच्याही अंगात आलं. लोण फिटलं. नऊ गुणांची पिछाडी तीनवर आली.

शेवटचं मिनिट. महाजन आला. तो एकदा डावीकडे गेला, वळला, सरळ माझ्याकडे आला. तीन म्हणजे हंगाम. तीन म्हणजे माती कपाळाला लावून बाहेर येणं. त्याचा अंगठा हलला, आणि मी झेपावलो.

हात दाबायचा राहूनच गेला. मी इतक्या लवकर निघालो की सिद्रामला पत्ताच नव्हता. महाजनचा पाय अजून आलाच नव्हता, मी रिकाम्या मातीला मिठी मारली, त्याने माझ्या पाठीवर टपली मारली आणि हसत परत गेला. वेळ संपली. आम्ही चार गुणांनी हरलो.

सिद्राम माझ्याजवळ आला. क्षणभर थांबून म्हणाला, “बस चुकतीय का ओ, दादा?”

मी पडल्या पडल्या हसायला लागलो. हसता हसता पोट दुखलं. जागा गेली हे कळत होतं, पण कित्येक वर्षांत मैदानावर इतकं हलकं वाटलं नव्हतं. उठलो, चिमूटभर माती घेतली आणि कपाळाला लावायला हात वर नेला, तर कुणी तरी मनगट धरलं. मास्तर होते.

“कशाला?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही तीन म्हणाला होता. दोनच झाल्या.”

“शेवटच्याला घाई कुणी केली?”

“मी.”

“नक्की? पोरानं न्हाई?”

“न्हाई मास्तर. मीच.”

मास्तर हसले. त्यांचे पुढचे दोन दात नाहीत हे मला अकरा वर्षांत त्या दिवशी कळलं. “पस्तिसाव्या वर्षी घाई करणारा कोपरा मला कुठं मिळायचा?” ते म्हणाले. “टाक ती माती खाली. हंगाम संपल्यावर लाव.”

*

त्या हंगामात आम्ही बारा संघांत चौथे आलो. भाकीत लिहिणाऱ्याने नंतर लिहिलं की आपल्याला ते आधीच वाटत होतं. सिद्रामने राज्याच्या संघापर्यंत मजल मारली, पण ती त्याची गोष्ट आहे, त्याने सांगावी. मी मार्च महिन्यात, शेवटच्या सामन्यानंतर, माती कपाळाला लावून आपल्या पायांनी बाहेर आलो. बाहेर शामराव पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता.

याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. कारखान्यातून दोघेही निवृत्त. दोन वर्षांपूर्वी शामरावच्या मुलाने त्याचा गुडघा बदलून घेतला, आणि म्हातारा आता घोड्यासारखा चालतो. मला मात्र डॉक्टरांनी छातीला जपायला सांगितलं आहे. सकाळी आम्ही दोघे टाकीपर्यंत फिरायला जातो. चढ निम्मा झाला, माझा श्वास वर लागला की शामराव थांबतो, खाली वाकतो आणि बुटाशी झटापट करत म्हणतो, “थांब रे जोती जरा, ही नाडी सारखी सुटतीय.”

मी थांबतो. टाकीकडे बघत, घाई नसल्यासारखा श्वास घेतो. मुलाने आणून दिलेल्या त्याच्या बुटांना नाड्याच नाहीत.